ड्रायव्हरची सीडी हरवलेल्या मशीनसाठी डेबियन १२

सोलापुरात जुना कॉम्प्युटर सहजासहजी भंगारात जात नाही. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात कांद्याची पट्टी काढायला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या गाठींच्या स्लिपा छापायला, एखाद्या क्लासमध्ये मुलांचा टायपिंगचा हात बसवायला पेंटियम ४ किंवा कोअर टू ड्युओ अजून राबत असतो. अडचण येते फॉरमॅट मारायच्या दिवशी. मदरबोर्डसोबत आलेली ड्रायव्हरची, म्हणजे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची सीडी कधीच हरवलेली असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या बोर्डांवर नाही. मग हवी असते ती अशी ऑपरेटिंग सिस्टिम, जी एकही सीडी न मागता मशीनमधले भाग स्वतः ओळखेल आणि चालू करेल. १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ या लिनक्स सिस्टिमचा, म्हणजे बुकवर्मचा इन्स्टॉलर हे काम कितपत करतो, एवढ्याच एका बाजूने त्याची ही पारख आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. मदरबोर्डवरच्या पीसीआय, पीसीआय एक्सप्रेस या खाचांत आणि यूएसबीवर बसलेल्या भागांच्या बाबतीत डेबियन १२ फार चांगले आहे. वीस वर्षांपूर्वीचे लॅन कार्ड किंवा हार्ड डिस्क कंट्रोलर यांच्यासाठी काहीही करावे लागत नाही. पण ज्या भागाला स्वतःचे नाव सांगता येत नाही, तिथे तुमचा हात लागतो. जुना मॉनिटर, पॅरलल पोर्टवरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फ्लॉपी हे त्यातले नेहमीचे तीन. वेळ जातो तो याच तिघांवर, म्हणून खाली त्यांच्यावर जास्त लिहिले आहे.

आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची, फक्त पुढे येणारे व्हीजीए-१ मोठ्या अक्षरांत.

आधी ३२ बिट की ६४ बिट ते ठरवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही, म्हणजे सिस्टिमचा गाभाही नाही. त्यामुळे सुरुवातीचे पेंटियम ४ आणि अ‍ॅटम एन२७० वाले छोटे लॅपटॉप यांच्यासाठी १२ हीच शेवटची गाडी. पण पुष्कळ जण इथेच चुकतात आणि जुने मशीन म्हणजे ३२ बिट असे धरून चालतात. कोअर टू ड्युओ सगळे ६४ बिट आहेत, पेंटियम ड्युअल कोअरचे ई२००० आणि ई५००० मालिकेतले प्रोसेसरही ६४ बिट आहेत, इतकेच काय, पेंटियम ४ मधली ६०० मालिकासुद्धा. खात्री करायची असेल तर पेनड्राइव्हवरून थेट चालणारे कोणतेही लाइव्ह लिनक्स चालू करून एलएससीपीयू ही आज्ञा द्या. ऑप-मोडच्या ओळीत ६४ बिट दिसले तर ३२ बिटच्या वाटेला जाऊ नका. कारण ब्राउझर. फायरफॉक्सने ३२ बिट लिनक्सचा आधार १४४ या आवृत्तीनंतर बंद केला असून ईएसआर १४० या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला सुधारणा किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत मिळणार आहेत. पेंटियम ३ आणि अ‍ॅथलॉन एक्सपी यांच्यात एसएसई२ हा प्रोसेसरच्या सूचनांचा संच नाही, त्यामुळे तिथे आजचा फायरफॉक्स सुरूच होत नाही. असे मशीन फक्त छपाईला किंवा फाइल ठेवायला वापरायचे.

पेंटियम एम वाल्या जुन्या लॅपटॉपमध्ये एक खोच आहे. त्यातल्या सुरुवातीच्या प्रोसेसरमध्ये पीएई ही जास्त मेमरी हाताळायची सोय असते, पण प्रोसेसर ती जाहीर करत नाही. पीएई कर्नल मग ती नाही असे समजून थांबतो. बूटच्या ओळीच्या शेवटी फोर्सपीएई हा शब्द जोडला की गाडी पुढे जाते. आपोआप ओळखण्याची पद्धत भागाने दिलेल्या उत्तरावर किती विसंबून असते, ते या एका उदाहरणात दिसते.

इन्स्टॉलर लावण्यापूर्वी सीमॉसचा, म्हणजे मदरबोर्डवर तारीख आणि सेटिंग जपणारा सेल बदला. ही सूचना पुन्हा एकदा वाचावी इतकी महत्त्वाची आहे. सेल सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरची काळी तार कॅबिनेटच्या पत्र्याला आणि लाल सेलच्या वरच्या बाजूला लावली आणि २.७ व्होल्टच्या खाली आकडा आला, तर तो संपला समजा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि रात्री मेन स्विच बंद करून दुकाने कुलूपबंद होतात, म्हणजे रात्रभर सगळा भार त्या सेलवर. सेल गेला की दोन गोष्टी होतात. तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर जाते, आणि मग सॉफ्टवेअर उतरवताना यादीची फाइल अजून वैध झालेली नाही असे सांगून एपीटी ही सॉफ्टवेअर बसवणारी आज्ञा काम नाकारते. ब्राउझरही सुरक्षित साइटवर प्रमाणपत्राची तक्रार करतो. दुसरी गोष्ट अधिक वाईट. बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर येतात, म्हणजे नसलेली फ्लॉपी पुन्हा चालू, पॅरलल पोर्टचा मोड बदललेला, बंद ठेवलेले ऑनबोर्ड साउंड पुन्हा जागे. काल नीट ओळखलेले मशीन आज वेगळेच दिसते आणि दोष डेबियनच्या माथी मारला जातो.

मेमरी डेस्कटॉपसह किमान १ जीबी, नीट काम व्हायला २ जीबी. इन्स्टॉलर डेस्कटॉप विचारेल तिथे ग्नोम या जड डेस्कटॉपवरची खूण काढून एलएक्सडीई किंवा एक्सएफसीई हे हलके डेस्कटॉप घ्या. पेनड्राइव्ह बूट यादीत दिसत नसेल तर अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी उघडा. अनेक जुन्या बोर्डांवर पेनड्राइव्ह हार्ड डिस्क म्हणून तिथे खाली बसलेला असतो, त्याला वर आणायचे. बोर्ड यूएसबीवरून बूटच होत नसेल तर डीव्हीडी जाळा. नेटइन्स्टची, म्हणजे बाकीचे नेटवरून उतरवणाऱ्या छोट्या इन्स्टॉलरची फाइल ७०० एमबीच्या सीडीत बसेल या भरवशावर राहू नका.

मराठीत इन्स्टॉल करायचे असेल तर ग्राफिकल इन्स्टॉल निवडावे लागते. साध्या मजकुराच्या पडद्यावर देवनागरी नीट दाखवता येत नाही, म्हणून तिथल्या यादीत मराठी नसते. फारच कमी मेमरीच्या मशीनवर मात्र मजकुराचा पडदाच बरा. पाच मिनिटे इंग्रजी वाचावे लागेल, एवढेच.

आता ओळख पटते कशी ते पाहू, कारण बिघाड शोधायची सगळी रीत त्यातूनच निघते. प्रत्येक पीसीआय भागात दोन आकडे पक्के बसवलेले असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक त्या मॉडेलचा. इंटेलचा आकडा ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई, एटीआयचा १००२, व्हीआयएचा ११०६, सिसचा १०३९. कर्नल सुरू होताना प्रत्येक जागेला तू कोण म्हणून विचारतो. उत्तर मिळाले की त्या आकड्यांची एक लांब ओळ तयार होते. युडेव्ह हा प्रोग्राम ती ओळ मोडप्रोब या ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेकडे देतो, मोडप्रोब मॉड्यूल्स डॉट एलियास या यादीत जोडी शोधतो आणि सापडलेला ड्रायव्हर चढवतो. सीडीची गरज पडत नाही ती या यादीमुळे. हजारो जुन्या कार्डांचे आकडे तिच्यात आधीच असतात.

सोलापुरातल्या असेंबल्ड मशीनमध्ये हमखास सापडणारे रिअलटेक ८१३९ हे १०० एमबीपीएसचे लॅन कार्ड घ्या. त्याचे उत्तर १०ईसी:८१३९. गंमत अशी की यादीत या आकड्याला दोन ड्रायव्हर दावेदार आहेत, ८१३९सीपी आणि ८१३९टू (टीओओ). सीपी हा नंतरच्या सी-प्लस चिपसाठीचा. दोघे चढतात. सीपी कार्डाची रिव्हिजन वाचतो, ती १० निघाली तर ही चिप माझी नव्हे, ८१३९टू वापरा, असे लॉगमध्ये लिहून बाजूला होतो. टू मग कार्ड हाती घेतो आणि नेट सुरू होते. डीमेसेज (डीएमईएसजी) या आज्ञेने कर्नलचा लॉग वाचणारा नवा मुलगा ही ओळ पाहून कार्ड खराब म्हणून बदलायला निघतो. ते कार्ड ठणठणीत असते. ओळखण्याची पद्धत इतकी शहाणी असणे ही डेबियनपेक्षा लिनक्स कर्नलची कमाई, पण गुण द्यायचे तिथे द्यावेत.

त्याउलट पीसीआयच्या आधीच्या आयएसएच्या लांब काळ्या खाचेतल्या, पिनांवर टोपी (जंपर) बसवून सेटिंग करायच्या कार्डाकडे असा आकडाच नसतो. १९९३ साली आयएसए प्लग अँड प्ले आल्यावर काही कार्डांना तो मिळाला, बाकीची मुकीच राहिली. अशा कार्डाचा पोर्ट पत्ता आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक देण्याचा क्रमांक) जंपरवरून वाचून मोडप्रोबच्या सेटिंगमध्ये आपणच लिहायचे असतात. एखाद्या कारखान्यात यंत्राला जोडलेले असे कार्ड असेल तर त्या मशीनला हातच लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एखादा भाग चालत नसेल तर अंदाज बांधण्याआधी टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा -एनएनके या पर्यायासह द्या. प्रत्येक भागाची एक ओळ येते, चौकटी कंसात त्याची आकड्यांची जोडी असते, आणि खाली कर्नल ड्रायव्हर इन यूज अशी ओळ असते किंवा नसते. यातून तीनच शक्यता निघतात आणि तिघींचा इलाज वेगळा आहे.

भाग यादीतच नसेल तर ड्रायव्हर शोधत बसणे व्यर्थ. तो भाग कर्नलच्या हाकेला ओ देत नाही. ऑनबोर्ड लॅन किंवा साउंड असेल तर बायोसमध्ये इंटिग्रेटेड पेरिफेरल्समध्ये ते बंद केलेले आहे का पाहा. वेगळे कार्ड असेल तर खाच पाहा. यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात कॅबिनेट उघडले की पंख्यावर, रॅमच्या खाचेत, कार्डांच्या बुडाशी सुताच्या बारीक तंतूंची राखाडी गादी बसलेली असते. पावसाळ्यात ती ओल धरते. प्लग काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, कार्ड उपसा, सोनेरी पट्ट्यांवर पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवा, खाचेत ब्लोअर मारा आणि कार्ड शक्यतो दुसऱ्या खाचेत बसवा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने गरागरा फिरून बेअरिंग जाते. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर सॉफ्टवेअरवर आणखी वेळ घालवू नका. असा बोर्ड एका बूटला कार्ड दाखवतो आणि दुसऱ्या बूटला लपवतो.

भाग यादीत आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, ही दुसरी शक्यता. इथे बहुतेक वेळा फर्मवेअर, म्हणजे भागाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर कमी असते. डेबियन १२ ची सर्वांत मोठी सुधारणा इथेच आहे. आधीच्या आवृत्त्यांत फर्मवेअर वेगळ्या पेनड्राइव्हवर द्यावे लागे, तो त्रास सहन न होऊन कित्येकांनी डेबियन सोडले. १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच आहे आणि गरज ओळखून आपोआप बसते. अपवाद ब्रॉडकॉमच्या जुन्या वाय-फाय चिपचा. त्यांचे फर्मवेअर परवान्यामुळे डेबियनला सोबत देता येत नाही. फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज ते इंटरनेटवरून उतरवते, म्हणजे वाय-फाय चालू करायला आधी नेट हवे. सोपा उपाय अँड्रॉइड फोन. डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि मग नेटवर्क हार्डवेअर शोधण्याची पायरी येऊ द्या, इन्स्टॉलर फोनला लॅन कार्डासारखे धरतो. इंस्टॉल झाल्यावरही हीच युक्ती चालते.

तिसरी शक्यता, ड्रायव्हर चढलेला आहे आणि तरी काम होत नाही. आवाजाच्या बाबतीत हे रोजचे. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा आवाजाचा मिक्सर उघडा, ज्या खांबाखाली एमएम दिसते तो बंद आहे, एम दाबून चालू करा. दहापैकी आठ तक्रारी इथे मिटतात, आवाजाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही.

हार्ड डिस्कच्या बाबतीत डेबियन १२ निर्विवाद सरस आहे. एक्सपीला साटा (अरुंद केबलची नवी) डिस्क दाखवण्यासाठी एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, आणि नंतर बायोसमध्ये डिस्कचा मोड जुन्या आयडीईचा नवा एएचसीआय केला की निळा पडदा. डेबियन दोन्ही मोड स्वतः ओळखते आणि इन्स्टॉलनंतर मोड बदलला तरी उठते. कारण सुरुवातीच्या रॅमडिस्कमध्ये, म्हणजे बूट होताना आधी मेमरीत उघडणाऱ्या फाइलीत ते सर्वसाधारण सगळे डिस्क ड्रायव्हर भरून ठेवते. एक्सपर्ट पद्धतीने इन्स्टॉल करताना जेनेरिक की टार्गेटेड असा प्रश्न येतो. तिथे नेहमी जेनेरिकच घ्या. टार्गेटेडने रॅमडिस्क लहान होते, बूट काही सेकंद आधी होतो, पण तो फक्त त्याच बोर्डाचा. आपल्याकडे बोर्ड गेला की डिस्क काढून दुसऱ्या डब्यात लावायची पद्धत आहे, आणि टार्गेटेड डिस्क दुसऱ्या बोर्डावर मूळ विभाजन सापडत नाही म्हणून अडून बसते. चुकून झालेच असेल तर इनिट्रामएफएसच्या सेटिंग फाइलीत मॉड्यूल्स या शब्दापुढे डेप असेल ते मोस्ट करा आणि अपडेट-इनिट्रामएफएस -यू चालवा. हे डिस्क जुन्या बोर्डावर असतानाच करायचे.

जुन्या पाटा (रुंद पट्टीच्या केबलच्या) डिस्कचा वेग फारच कमी वाटला तर डीमेसेजमध्ये ४० वायर केबलमुळे यूडीएमए ३३ वर मर्यादित असा अर्थ असलेली ओळ शोधा. केबल हातात घेऊन पाहिली तर जाड तारांची पट्टी ४० ची आणि बारीक तारांची ८० ची. ८० वाली लावली की कर्नल स्वतःच वेग वाढवतो.

इन्स्टॉलरचा इलाज नसलेले दोन प्रसंग आहेत. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ या साउथब्रिजवर, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपवर ३ गिगाबिटची डिस्क लावली की दोघांचा वेग जुळत नाही आणि डिस्क बायोसलाही दिसत नाही. हार्ड डिस्कवर जंपर लावून तिला १.५ गिगाबिटवर आणता येते. एसएसडीवर असा जंपर सहसा नसतोच, त्यामुळे या बोर्डासाठी एसएसडी घेण्याआधी दुकानदाराशी परतीची बोली करून घ्या. दुसरा प्रसंग १३७ जीबीच्या मर्यादेचा. फार जुनी बायोस त्याच्या पलीकडचे वाचू शकत नाही. कर्नलला पूर्ण डिस्क दिसते, इन्स्टॉल सुरळीत होते, आणि एखाद्या अपडेटनंतर ग्रब, म्हणजे बूट करणारा प्रोग्राम अचानक अडतो, कारण नवी कर्नल फाइल मर्यादेपलीकडे जाऊन पडलेली असते. डिस्कच्या सुरुवातीला १ जीबीचे वेगळे बूट विभाजन केले की हा धोका उरत नाही.

फ्लॉपीचा त्रास छोटा पण चीड आणणारा. मशीनमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह नाही, बायोसमध्ये मात्र १.४४ एमबी लिहिलेले आहे. कर्नल बायोसवर विश्वास ठेवून ड्रायव्हर चढवतो आणि एफडी० वर वाचनाच्या चुका टाकत राहतो. बूट रेंगाळतो, ग्रब अपडेट करताना मिनिटभर पडदा गोठतो. बायोसमध्ये ड्राइव्ह ए ला नन करा, प्रश्न मिटला. बायोसचा पासवर्ड कोणाला माहीत नसेल तर मोडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये ब्लॅकलिस्ट फ्लॉपी एवढी एक ओळ असलेली, डॉट कॉन्फ शेवट असलेली फाइल करा आणि अपडेट-इनिट्रामएफएस -यू चालवा.

आता मॉनिटर. ग्राफिक्सचे कार्ड ओळखणे आणि मॉनिटर ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्रार आली की दोन्हींचा घोळ होतो. इंटेलचे ८४५, ८६५, ९१५, ९४५, जी३१ हे सगळे आय९१५ या एकाच ड्रायव्हरखाली आपोआप येतात. या शहरातली निम्मी तरी जुनी मशीन या यादीत बसतील असा आमचा कयास आहे. रेडिऑन आणि एनव्हिडियाची जुनी कार्डेही उठतात. सिसच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सला मात्र कामाचा ड्रायव्हर नाही, ते व्हेसा या साध्या सर्वसामान्य ड्रायव्हरवर चालते. पट्टी छापायला पुरते, व्हिडिओ बघायला नाही. इन्स्टॉलनंतर पडदा काळाच राहिला तर ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. हा फक्त आत शिरायचा दरवाजा समजा, कायमचा मुक्काम नको, कारण त्याने ड्रायव्हरच बाजूला राहतो.

मॉनिटरची ओळख व्हीजीए केबलमधल्या दोन पिनांवर अवलंबून असते, १२ आणि १५. त्यांच्यावरून मॉनिटर आपली क्षमता सांगतो, तिला ईडीआयडी म्हणतात. स्वस्त केबलमध्ये किंवा लांब एक्स्टेन्शनमध्ये या पिना कित्येकदा नसतातच. मग कर्नलला मॉनिटर जोडलेला आहे एवढेच कळते, कोणता ते कळत नाही, आणि तो १०२४ बाय ७६८ वर थांबतो. चौकोनी १७ इंची एलसीडीवर, जिचे खरे माप १२८० बाय १०२४ आहे, अक्षरे किंचित उभट आणि धुरकट दिसतात. लोक चष्म्याचा नंबर वाढला समजतात. केबलचे टोक उलटे करून पिना मोजा. ९ नंबरची पिन नसणे चालते, १२ आणि १५ हव्यातच. केबल बदलणे हा खरा इलाज आहे.

केबल बदलूनही ओळख पटत नसेल तर माप हाताने द्यावे लागते. सीव्हीटी १२८० १०२४ ६० ही आज्ञा एक मोडलाइन, म्हणजे त्या मापाच्या आकड्यांची ओळ देते. ती पडद्याचे माप बदलणाऱ्या एक्सरँडर या आज्ञेच्या न्यूमोडने नोंदवायची, अ‍ॅडमोडने व्हीजीए-१ ला जोडायची आणि निवडून पाहायची. चित्र नीट आले तर ते कायम करण्यासाठी ग्रबच्या डीफॉल्ट सेटिंग फाइलीत कर्नलच्या ओळीत व्हिडिओ=व्हीजीए-१:१२८०एक्स१०२४@६० घाला आणि अपडेट-ग्रब चालवा. काचेच्या जुन्या सीआरटी मॉनिटरवर मात्र मागच्या पट्टीवर छापलेल्या मापापेक्षा मोठा आकडा प्रयोग म्हणूनही देऊ नका. चालत नसलेली वारंवारता दिल्यास काही जुन्या मॉनिटरचे सर्किट कायमचे जाते.

राहिला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ज्याच्यासाठी मुळात हे मशीन जपलेले असते. तीन प्रतींचा कार्बनलेस कागद एका फटक्यात फक्त तोच छापतो, म्हणून अडतीच्या धंद्यातून तो जात नाही. पोर्टची ओळख डेबियनला नीट पटते. एसीपीआयच्या, म्हणजे बायोसने दिलेल्या भागांच्या यादीतून पॅरलल पोर्ट सापडतो, पार्पोर्ट_पीसी आणि एलपी हे ड्रायव्हर चढतात, कप्स हे छपाईचे सॉफ्टवेअर बसवले की ते प्रत्येक बूटला चढतील अशी सोयही आपोआप होते. बूटला कोणी जुन्या सल्ल्यावरून एसीपीआय=ऑफ लिहून ठेवले असेल तर ते काढा, त्याने ही ओळख बिघडते आणि मशीन शटडाउननंतर बंदही होत नाही. पण पोर्टच्या टोकाला कोणता प्रिंटर आहे हे पुष्कळ जुने प्रिंटर सांगतच नाहीत. सांगता येत असले तरी बायोसमध्ये पोर्ट एसपीपी या जुन्या मोडवर असेल तर ते उत्तर परत येईलच असे नाही. बायोसमध्ये ईसीपी अधिक ईपीपी, पत्ता ३७८, आयआरक्यू ७ ठेवा.

ड्रायव्हरच्या भानगडीत पडण्याआधी पोर्ट तपासा. वापरणाऱ्याला एलपी या गटात घाला, लॉगआउट करून परत या, आणि इकोने एखादा इंग्रजी शब्द डेव्हमधल्या एलपी० या फाइलीकडे वळवा. हेड हलले आणि शब्द उमटला, म्हणजे केबल, पोर्ट आणि प्रिंटर तिन्ही चांगले. काहीच हलले नाही तर ऑनलाइनचा दिवा आणि केबलचे स्क्रू पाहा. कप्समध्ये कितीही सेटिंग केल्या तरी इथे न चाललेला प्रिंटर तिथे चालत नाही.

मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ६३१ पोर्ट उघडा, एलपीटी १ निवडा, कंपनी एप्सन आणि मॉडेल एप्सन ९-पिन सिरीज घ्या. एलएक्स-३००+ ला हेच. दुसऱ्या कंपनीचा प्रिंटर असेल तर तो एप्सन इम्युलेशनवर आहे का आणि हेड ९ पिनचे की २४ पिनचे ते पाहा, २४ असेल तर एप्सन २४-पिन सिरीज. त्यानंतर कागदाचे माप. इथे बहुतेकांचा कागद वाया जातो. आपला सलग कागद १० बाय १२ इंचाचा, आणि कप्समध्ये राहते ए४, ज्याची उंची ११.६९ इंच. दर पानाला साधारण तीन दशांश इंचाचा फरक पडतो आणि दहाव्या पट्टीपर्यंत मथळा छिद्रांच्या घडीवरून तीन इंच सरकलेला असतो. कस्टम मापात १० बाय १२ द्या आणि प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही पानाची उंची १२ इंच करा, दोन्ही जुळली पाहिजेत.

मराठी पट्टी छापायची असेल तर ती चित्र म्हणूनच जाते, त्यामुळे हेड एका ओळीवर अनेक फेऱ्या मारते आणि वेळ लागतो. आवक जास्त असलेल्या दिवशी आकडे इंग्रजी साध्या मजकुरात आणि फक्त दुकानाचे नाव आधीच छापलेल्या कागदावर, ही जुनीच पद्धत व्यवहाराला बरी पडते. नव्या बोर्डावर पॅरलल पोर्ट नसेल तर यूएसबी ते पॅरलल केबल चालते, डेबियन तिला लगेच ओळखते, फक्त फाइल डेव्हमधल्या यूएसबी फोल्डरातली एलपी० होते. ती केबल प्रिंटरपुरतीच, पॅरलल पोर्टवरच्या दुसऱ्या कोणत्याही यंत्राला ती उपयोगी नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या मशीनवर टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारे बिलिंग आहे, ते मशीन डेबियनवर नेऊ नका. भाग सगळे ओळखले जातील आणि धंदा मात्र अडेल. अशा दुकानात दुसऱ्या मशीनवर, छपाईसाठी किंवा ब्राउझरसाठी ते लावा.

इन्स्टॉल पूर्ण झाले की डेबियन एक फाइल मागे ठेवते, जिच्याकडे फार कोणी बघत नाही. व्हार, लॉग, इन्स्टॉलर या वाटेने गेले की तिथे हार्डवेअर-समरी नावाची फाइल आहे. मशीनमधला प्रत्येक पीसीआय आणि यूएसबी भाग, त्याचा आकडा आणि त्याला लागलेला ड्रायव्हर तिच्यात लिहिलेला असतो. ती उघडली नाही तर रूट, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या खात्यातून उघडा. तिची छापील प्रत काढा, खाली बायोसच्या बदललेल्या सेटिंग, मॉनिटरचे माप आणि सेल बदलल्याची तारीख पेनाने लिहा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवा, पंख्यापासून लांब.